चांदबीबी: एका आयुष्यातून समजून घेऊया बुरूज आणि टरेट

दुबईच्या बुर्ज खलिफाचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. मोबाइलवरच्या टॉवर डिफेन्स गेममध्ये टरेट लावून शत्रूच्या लाटा अडवल्या असतील. रणगाड्याच्या डोक्यावरचा गोल फिरणारा भाग बातम्यांत दिसतो, त्यालाही टरेटच म्हणतात. आणि घरातलं कुणी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला असेल, तर त्याच्या तोंडीही हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. इमारत, गेम, रणगाडा, मशीन. चारही ठिकाणी काय सारखं आहे?

सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे बुरूज. अरबीतला बुर्ज फारसीमार्गे मराठीत येऊन बुरूज झाला. इंग्रजीतला टरेट जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ छोटा मनोरा. शब्द वेगळे, पण वस्तू तीच.

मी मुरुमचा. आमच्या भागातल्या पोरांना बुरूज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. शाळेची सहल ठरलेली असते नळदुर्गला. तिथे उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या धापा टाकत चढायच्या, वरच्या तोफेजवळ फोटो काढायचा, मग पाणी महाल. मीही तेच केलं. पण बुरूज असा का बांधतात आणि पडतो कसा, हे मला खूप उशिरा कळलं. ते कळलं चांदबीबीची गोष्ट नीट वाचताना. म्हणून आज बुरूज आणि टरेट समजून घ्यायला आपण तिचंच आयुष्य बघू.

बुरुजांमध्ये वाढलेली मुलगी

चांदबीबीचा जन्म साधारण १५५० चा. वडील हुसेन निजामशहा, अहमदनगरचे सुलतान. आई खुंजा हुमायून. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आधी साधा होता. तो दगडात पक्का बांधून घेतला हुसेन निजामशहाने, १५५९ च्या सुमारास. म्हणजे चांद आठ-दहा वर्षांची असताना तिच्या डोळ्यांसमोर हा तट उभा राहत होता. गोलसर आकार, भोवती रुंद खंदक आणि तटात वीसहून जास्त बुरूज.

आता इथेच पहिला प्रश्न सोडवू. तट सरळ बांधून भागलं असतं, मग बुरूज कशाला?

समजा तुम्ही सरळ भिंतीवर उभे आहात. लांबचा शत्रू दिसतो. पण तो धावत येऊन भिंतीच्या अगदी पायाशी चिकटला, तर दिसत नाही. त्याला बघायचं तर भिंतीबाहेर वाकावं लागेल आणि वाकलात की तुम्हीच त्याचं निशाण. गाडी चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल, आरशात न दिसणारी एक जागा असतेच. तिला आपण आंधळा कोपरा म्हणू.

बुरूज हा त्या आंधळ्या कोपऱ्यावरचा उपाय. तो तटाच्या रेषेतून बाहेर आलेला असतो. त्यामुळे बुरुजावरचा माणूस तटाच्या लांबीच्या दिशेने, कडेकडेने बघू शकतो. पायाशी चिकटलेला शत्रू त्याला बाजूने स्वच्छ दिसतो. दोन बुरुजांमधलं अंतर हत्याराच्या माऱ्यात असलं, की मधला तट दोन्हीकडून झाकला जातो. शिवाय एका बुरुजाच्या कुशीत कुणी लपलं, तर त्याला शेजारचा बुरूज टिपतो.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल: कुठल्याही बुरुजाला स्वतःचा पाय दिसत नाही. त्याचा पाय शेजारी बघतो.

बाकीच्या गोष्टी यावरच बसवलेल्या. गोल आकारामुळे तोफेचा गोळा तिरका लागून घसरण्याची शक्यता वाढते आणि फोडायला सोपा असा टोकदार कोपरा उरत नाही. आत माती-दगड भरलेला असल्यामुळे धक्का जिरतो. तटावरची भोकं, म्हणजे जंग्या, खालच्या दिशेने तिरप्या ठेवतात. वरच्या पाकळ्यांसारख्या चर्यांच्या आड माणूस लपतो. पण गोल बुरुजाच्या अगदी पुढच्या पोटाशी एक छोटी जागा अशी राहते, जी शेजारच्यालाही नीट दिसत नाही. युरोपात याच कारणासाठी पुढे बाणाच्या टोकासारखे कोनाकृती बुरूज आले आणि किल्ले वरून चांदणीसारखे दिसू लागले.

लग्न, सोलापूर आणि नळदुर्ग

त्या काळी दख्खनच्या सुलतानांची आपापसांत कायम भांडणं. त्यातलं मोठं भांडण सोलापूरच्या किल्ल्यावरून, निजामशाही आणि आदिलशाहीचं. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं ठरलं तेव्हा हे मिटवणं भाग होतं. चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लागलं आणि सोलापूरचा किल्ला लग्नात आंदण म्हणून गेला. त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली.

चांदबीबी विजापूरला आली. नवराही बांधकामाचा शौकीन निघाला. आपल्या नळदुर्गचा भक्कम दगडी तट हे त्याचंच काम. त्याने किल्ल्याचं नाव बदलून शहादुर्ग केलं होतं. शंभराहून जास्त बुरूज असलेला हा किल्ला निजामशाहीच्या सरहद्दीजवळचा पहारेकरी. त्याच्या तटात एक नवबुरूज आहे, फुलाच्या पाकळ्यांसारखे नऊ फुगवटे असलेला. प्रत्येक फुगवट्यामुळे मारा करायला आणखी एक दिशा मिळते.

आतल्या बाजूचा उपळी बुरूज मात्र वेगळ्या कामाचा. तो तटात नाही, किल्ल्याच्या आत उंच उभा आहे. तिथून लांबवर टेहळणी करायची आणि मोठ्या तोफा सगळ्या दिशांना वळवायच्या. असाच आणखी एक उपळी बुरूज विजापूर शहरात आहे. तो हैदरखान नावाच्या सरदाराने १५८३ च्या सुमारास बांधला. त्याच्या माथ्यावर तोफ मधल्या खुंटाभोवती फिरवायची सोय होती.

इथे जरा थांबा, कारण टरेटची कल्पना इथेच जन्माला येते. जड तोफ उचलून इकडची तिकडे नेणं अशक्य. मलिक-ए-मैदान तोफेचं उदाहरण घ्या. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे आपल्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. वजन पन्नास टनांच्या वर. अशी तोफ हलवायची कशी? मग तिला मध्ये एका खुंटावर बसवा आणि गोलात फिरवा. जागा तीच, दिशा हवी ती. टरेट म्हणजे एवढंच.

विजापूरची पहिली परीक्षा

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूल नव्हतं. गादीवर आला पुतण्या इब्राहिम, वय नऊ वर्षं. त्याचा सांभाळ आणि राज्याची जबाबदारी चांदबीबीवर आली. ती तिशीची होती.

बाहेरचा शत्रू नंतर आला, आधी घरातलेच उठले. कारभारी नेमलेला एकेक सरदार सगळी सत्ता बळकवायला बघत होता. त्यातल्या किश्वरखानाने तर तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. दुसऱ्या गटाने बंड करून तिला सोडवलं. मग ते गट आपापसांत भांडले. ही संधी साधून शेजारच्या फौजा विजापूरच्या तटाशी येऊन थडकल्या. शहर टिकलं. भांडणारे गट तेवढ्यापुरते एकत्र आले, हे त्याचं मोठं कारण.

तटाला आतून तडे गेले की बुरुजांची संख्या कामाची नाही, हे तिने इथे तिशीतच पाहिलं. पुढे ती माहेरी अहमदनगरला परतली. तिने वाढवलेला इब्राहिम मोठा होऊन दख्खनच्या सगळ्यात नावाजलेल्या सुलतानांपैकी एक झाला. नळदुर्गचा पाणी महाल त्याच्याच काळातला, १६१३ चा.

१५९५: पाच सुरुंग

एप्रिल १५९५ मध्ये अहमदनगरचा सुलतान, चांदबीबीचा भाऊ बुऱ्हाण निजामशहा वारला. काही महिन्यांत त्याचा मुलगाही लढाईत पडला. दरबारात चार गट आणि प्रत्येकाचा वेगळा वारस. मियाँ मंजू नावाच्या वजिराने हातघाईला येऊन मोगलांनाच मदतीला बोलावलं. अकबराचा मुलगा मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान फौजा घेऊन निघाले. ते जवळ आल्यावर वजिराला चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता. तो किल्ला सोडून मदत आणायला निघून गेला. किल्ल्याची सूत्रं चांदबीबीने हातात घेतली. बहादूर नावाच्या लहानग्या भावाच्या नातवाच्या नावाने तिने कारभार सुरू केला. डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला.

मोगलांनी समोरून तट फोडण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी बुरुजाचा आंधळा कोपरा गाठला, म्हणजे जमिनीखालची बाजू.

सुरुंग लावायची पद्धत अशी. लांब, मातीच्या आडोशाआड खणायला सुरुवात करायची. बोगदा तटाच्या पायाखाली न्यायचा. तिथे खोली करून दारूची पोती भरायची, तोंड दगड-मातीने घट्ट बंद करायचं आणि वात बाहेर आणायची. तोंड बंद केल्यामुळे स्फोटाचा जोर परत बोगद्यातून निघून जात नाही, वरच्या तटालाच उचलतो. बुरूज जेवढा जड, तेवढा पाया उडाल्यावर तो जोरात कोसळतो. वरच्या तोफा, चर्या, जंग्या, सगळं एका क्षणात निरुपयोगी.

मोगलांनी असे पाच सुरुंग तयार केले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये, स्फोटाच्या आदल्या रात्री, मोगलांच्या छावणीतलाच एक अधिकारी, ख्वाजा मुहम्मदखान शिराझी, किल्ल्याकडे आला आणि त्याने सुरुंगांच्या जागा सांगून टाकल्या. किल्ल्यातल्या लोकांनी रातोरात आतून उलटं खणायला घेतलं. दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यातली दारू काढायचं काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. खणणारे जागीच गेले आणि तटाचा साधारण पन्नास यार्डांचा तुकडा उडाला. मीटरमध्ये पंचेचाळीसच्या आसपास. एखाद्या लांब एसटीच्या चारपट भगदाड समजा.

लोक पळायला लागले. चांदबीबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या भगदाडात येऊन उभी राहिली. पळणारे थांबले. दुसरीकडे मोगल बाकीच्या सुरुंगांचे स्फोट व्हायची वाट बघत राहिले. ते होणारच नव्हते. शिवाय मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं. तो वेळ किल्ल्याला पुरला. हल्ला आला तेव्हा भगदाडाच्या तोंडावर तोफा, बंदुका, बाण, हाताला लागेल ते घेऊन लोक तयार होते. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले परतवले. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरली असं लोक सांगतात.

माझ्या मते खरी कमाल त्या रात्रीची आहे. अंधारात, जे मिळेल ते दगड, लाकूड, माती रचून तिने भगदाडावर पुरुषभर उंचीची भिंत उभी करून घेतली. सकाळी मोगलांना समोर परत तट दिसला.

तेवढ्यात मदतही जवळ येत होती. तिने वाढवलेल्या इब्राहिमने सुहेलखानाला फौज देऊन पाठवलं होतं. ती फौज जमली कुठे? शहादुर्गला, म्हणजे आपल्या नळदुर्गला. पाठ फिरवून निघून गेलेला मियाँ मंजूही तिथेच येऊन मिळाला. इकडे मोगल छावणीत धान्याची टंचाई. शेवटी तह झाला: वऱ्हाड मोगलांना, अहमदनगर बहादूरच्या नावाने शाबूत.

एका बुरुजाचा पाय शेजारचा बुरूज राखतो म्हटलं होतं ना? अहमदनगरचा शेजारचा बुरूज त्या वेळी नळदुर्ग होता.

१६००: तट शाबूत, बुरूज आतून पडला

तह फार टिकला नाही. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. त्यात दख्खनी फौजांचा पराभव झाला. मुराद १५९९ मध्ये वारला आणि धाकटा शाहजादा दानियाल आला. स्वतः अकबर बुऱ्हाणपूरपर्यंत उतरला. १६०० मध्ये अहमदनगरला पुन्हा वेढा पडला.

या वेळी चांदबीबीचा हिशोब वेगळा होता. शेजारी मदतीला येणार नव्हते आणि किल्ल्यातले सरदार तिचं ऐकत नव्हते. मोगलांशी बोलून, बहादूरला सुखरूप बाहेर काढून किल्ला द्यावा, असं तिचं मत झालं. तिने ज्याच्याशी सल्लामसलत केली, त्या सरदारानेच बाहेर येऊन ओरड केली की ही मोगलांना फितूर आहे. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला मारून टाकलं. चार वर्षांपूर्वी जिच्यामुळे हीच माणसं भगदाडात उभी राहिली होती, तीच ही बाई. वय पन्नासच्या आसपास.

ऑगस्टमध्ये मोगलांनी पुन्हा सुरुंग उडवले. या वेळी आतून उलटं खणणारं कुणी नव्हतं. किल्ला पडला, बहादूरला कैद करून ग्वाल्हेरला नेलं.

एक गैरसमजही दूर करतो. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती सलाबतखान या वजिराची कबर आहे.

बुरूज चालायला लागला

आता पुढची अडीचशेहून जास्त वर्षं ओलांडू. बुरूज एका जागी खिळलेला होता. तो हलता कधी झाला?

अमेरिकेच्या यादवी युद्धात, ९ मार्च १८६२ ला, जॉन एरिक्सनने बनवलेली मॉनिटर ही लोखंडी नौका लढाईत उतरली. तिच्या डेकवर वीसेक फूट व्यासाचा एकच गोल लोखंडी बुरूज, आत दोन तोफा आणि तो फिरवायला वाफेचं इंजिन. आधी तोफा कडेला ओळीने असायच्या, त्यामुळे नेम धरायला अख्खं जहाज वळवावं लागे. आता फक्त बुरूज वळवा. याच जातीच्या दोन टरेटवाल्या युद्धनौका, मॅग्डाला आणि ॲबिसिनिया, ब्रिटिशांनी १८७० च्या दशकात मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ठेवल्या होत्या.

जमिनीवर हेच काम १९१७ मध्ये फ्रान्सच्या रेनो एफटी रणगाड्याने केलं: खाली चाकपट्टे आणि वर पूर्ण गोल फिरणारा टरेट. आजचे रणगाडे याच मांडणीचे.

कारखान्यातला टरेट त्याहून जुना. १८४५ मध्ये अमेरिकेत स्टीफन फिच याने पिस्तुलांचे स्क्रू भराभर बनवण्यासाठी टरेट लेथ तयार केला. एका फिरत्या गठ्ठ्यावर अनेक हत्यारं बसवायची. एक काम झालं की गठ्ठा फिरतो आणि पुढचं हत्यार समोर येतं. आजच्या सीएनसीत हेच कॉम्प्युटरच्या हुकमाने होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपची भिंगं फिरवली असतील, तीही टरेटच.

आणि कमजोरी? तीही वारशात आली. रणगाड्याचा टरेट ज्या मोठ्या गोल बेअरिंगवर फिरतो, तो सांधा नाजूक. तिथे नेमका मार बसला की टरेट अडकतो. रणगाड्याचं पोट समोरच्या बाजूपेक्षा बरंच पातळ, म्हणून भूसुरुंग खाली पुरतात. टेहळणीला सोबतीचं पायदळ नसेल, तर जवळ आलेला माणूस आतल्यांना दिसत नाही. १५९६ चा तोच आंधळा कोपरा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही हेच. समोरची तटबंदी कितीही भक्कम ठेवा, घुसखोर बहुतेक वेळा दिसत नाही त्या बाजूने येतो, किंवा आतल्याच कुणाची किल्ली वापरून. तुमच्या फोनचंही तसंच आहे. पॅटर्न लॉक कितीही अवघड ठेवला आणि ओटीपी दुसऱ्याला सांगून टाकला, तर सुरुंग तुम्हीच लावून दिला म्हणायचा.

बघायला कुठे जाल?

अहमदनगरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ ते १९४५ मध्ये नेहरूंना तिथेच कैदेत ठेवलं होतं. आणि गंमत बघा, भारतीय सैन्याचं रणगाड्यांचं मुख्य प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय बघण्यासारखं आहे. जिथे चांदबीबीने पडलेला बुरूज रातोरात उभा केला, तिथेच आज जवान फिरते बुरूज चालवायला शिकतात.

आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं नळदुर्ग, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालाच. पुढच्या वेळी उपळी बुरुजावर फोटो काढून झाला की खाली उतरा आणि तटाच्या कडेने चाला. एका बुरुजाच्या पायाशी उभे राहा आणि शोधा, इथे उभा असलेला मी कुठल्या बुरुजावरून दिसतोय? उत्तर सापडलं, की समजा तुम्हाला बुरूज कळला.